चालत्या गाडीत डिझेलचा काटा वर चढतो तेव्हा: जादा टाकीचं एक प्रकरण

"गाडी चालवली की डिझेलचा काटा खाली यायचा सोडून वर चढतोय," अशी तक्रार घेऊन अण्णा वर्कशॉपला आले, तेव्हा आमची पोरं आधी हसली. एकजण म्हणाला, "अण्णा, विकू नका मग ही गाडी." अण्णा मात्र हसण्याच्या मूडमध्ये नव्हते. आदल्या आठवड्यात मालवणहून सहकुटुंब परत येताना करूळ घाटात गाडी मधेच बंद पडली होती. मागं एसटी, त्यामागं ट्रकांची रांग, आणि गाडीत म्हातारी आई. त्यांच्या मते या दोन तक्रारी वेगवेगळ्या होत्या. मूळ मात्र एकच निघालं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडं असली गाडी वरचेवर येत नाही. ट्रकला दुसरी टाकी असते, जनरेटरला असते, खासगी गाडीला सहसा कुणी लावत नाही. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो. अण्णांचं खरं नाव आणि गाडीचं मॉडेल देत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांचं छोटं मशीनशॉप आहे एवढं पुरे.

गाडी सात आसनी, कॉमन रेल डिझेल इंजिन, बीएस फोर. कंपनीची टाकी ५५ लिटरची. त्यात अण्णांनी एका फॅब्रिकेटरकडून ४५ लिटरची आणखी एक टाकी करून घेतली होती. ती डिकीच्या खाली, स्टेपनीच्या जागी बसवली आणि स्टेपनी टपावर चढवली. जोडणी अशी: नव्या टाकीतून एक पाइप काढून तो मूळ टाकीकडून इंजिनाकडं जाणाऱ्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडलेला. दोन्ही लाइनींवर पितळी कॉक, मागच्या सीटच्या पायाशी. पाहिजे ती टाकी चालू, नको ती बंद. कागदावर बघितलं तर कुणालाही पटेल अशी व्यवस्था. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत सगळं जिथं बनतं, तिथं एक पत्र्याची टाकी म्हणजे काय मोठी गोष्ट? अण्णांच्याच शब्दांत, "टाकीचं काय घेऊन बसलाय, सांगितलं तर हेलिकॉप्टरबी बनवून देतील आपल्याकडं."

टाकी हवी कशाला होती, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. कारणं दोन निघाली. एक, पुढच्या हंगामात तिघा मित्रांनी लडाखला जायचा बेत, तोही नुसता लेहपर्यंत नाही, पार हानले आणि उमलिंग ला या खिंडीपर्यंत. दुसरं कारण कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, आणि कागल ओलांडून कोगनोळीच्या पलीकडं गेलं की कर्नाटकातला दर लागतो. अण्णांचं निपाणी-बेळगावला कामानिमित्त दर आठवड्याला जाणं असतं. जाताच आहे तर शंभर लिटर भरून यावं, असा हिशेब.

काटा वर का चढतो

डिझेल गाडी टाकीतून जेवढं डिझेल उचलते तेवढं सगळं जाळत नाही, ही गोष्ट पेट्रोलच्या सवयीनं विचार करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कॉमन रेल इंजिनात हाय-प्रेशर पंप डिझेल दाबून रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना) डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, भरतो; दाब १६०० बारच्या घरात जातो. पंपाच्या आतल्या भागांना वंगण आणि गारवा दोन्ही डिझेलचाच. त्यामुळं जळणाऱ्या डिझेलच्या काही पट डिझेल पंपातून फिरतं आणि उरलेलं गरम होऊन रिटर्न लाइननं टाकीत परत येतं. इंजेक्टरमधून गळून येणारं डिझेलही त्याच लाइनला मिळतं.

फॅब्रिकेटरनं फीड लाइनला टी मारला, कॉक बसवले, पण रिटर्न लाइनला हात लावला नाही. ती जशी होती तशी मूळ टाकीत जात राहिली. म्हणजे कॉक फिरवून अण्णांनी दुसरी टाकी चालू केली, की डिझेल उचललं जायचं दुसरीतून आणि परत यायचं पहिलीत. काटा पहिल्या टाकीला जोडलेला. तो वर चढणार नाही तर काय होणार?

आकड्यांत मांडायचं तर उदाहरणादाखल असं धरा. गाडी ताशी ८० नं चालली आहे, १२ चं ॲव्हरेज देते, म्हणजे तासाला साधारण पावणेसात लिटर जळतं. पंप मात्र तासाला २५ लिटर उचलतो आहे. राहिलेलं सव्वाअठरा लिटर दर तासाला मूळ टाकीत. पंचेचाळीस लिटरची दुसरी टाकी पावणेदोन-दोन तासांत कोरडी, आणि तेवढ्यात प्रत्यक्ष जळलेलं डिझेल फार तर तेरा लिटर. अण्णांची आणखी एक तक्रार होती, "दुसऱ्या टाकीवर गाडी निम्मंबी ॲव्हरेज देत नाही." तिचंही उत्तर इथंच होतं. ॲव्हरेज गेलं नव्हतं, डिझेल घर बदलत होतं.

समजावून सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून आम्ही रिटर्नचा पाइप टाकीकडून सोडवला आणि त्याचं तोंड लिटरच्या रिकाम्या बाटलीत धरलं. गाडी नुसती आयडलिंगवर. पाइपातून बोटाएवढी धार लागली आणि बघता बघता बाटली भरली. एवढ्या वेळात इंजिनानं जाळलेलं डिझेल चहाच्या कपाएवढंही नसेल. अण्णा बाटलीला हात लावून म्हणाले, "आणि हे गरमबी आहे की." गरम असतंच. म्हणून तर रिटर्न कुठं सोडायचा याला महत्त्व आहे; मोठ्या टाकीत ते पसरतं आणि निवतं.

आता यातला खरा धोका. निपाणीला दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, आणि निघताना दुसरी टाकी चालू केली, तर मूळ टाकीत जागाच नाही. परत येणारं डिझेल जाणार कुठं? ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, झाकणाच्या कडेनं, बाहेर. निपाणी ते कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, अर्धा तास. वरच्या हिशेबानं नऊ लिटरच्या आसपास डिझेल रस्त्यावर सांडतं. अण्णांना मागच्या चाकावरचा पत्रा सारखा तेलकट दिसायचा, वास यायचा. त्यांनी झाकण सैल असेल म्हणून नवीन झाकण बसवलं होतं. सांडलेल्या डिझेलवरून मोटारसायकल कशी सरकते हे महामार्गावर रोज जाणाऱ्याला माहीत आहे. पावसाची पहिली सर आलेली असेल तर विचारूच नका. अण्णांच्या पैशाच्या नुकसानीपेक्षा मला हे जास्त लागलं, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

करूळ घाटात काय झालं

या गाडीला टाकीत विजेचा पंप नाही. हाय-प्रेशर पंपाला जोडलेला छोटा फीड पंपच टाकीपासून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनीत दाब नसतो, उलट ओढ असते. अशा लाइनीला कुठं बारीक फट असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. म्हणून गाडीखाली वाकून बघणाऱ्याला सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि इंजिन मात्र हवा धरतं. शेतावर ऑइल इंजिन चालवलेल्या माणसाला हवा धरणं म्हणजे काय ते माहीत आहे: नटबोल्ट सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे संपेपर्यंत. जुनं इंजिन एवढ्यावर भागवून घेतं. कॉमन रेलला हवा म्हणजे नुसतं बंद पडणं नव्हे, पंपाचं वंगणच गेलं. असा पंप कोरडा फिरला की आतला धातू घासून त्याचा चुरा रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये जातो, आणि मग बिल असं येतं की गाडी विकावी वाटते.

घाटातल्या घटनेचा क्रम अण्णांकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतला. वैभववाडी सोडली तेव्हा दुसरी टाकी चालू होती. तिच्यात किती डिझेल आहे हे कळायला काहीच साधन नव्हतं, कारण तिला गेजच नाही. अण्णांच्या अंदाजानं अर्धी होती. रिटर्नमुळं ती कधीच तळाला गेलेली असणार. त्यात टाकीच्या आत पडदे नव्हते. कंपनीच्या टाकीत डिझेल एकदम एका बाजूला धावू नये म्हणून आडवे पडदे किंवा उचल-नळीभोवती छोटी वाटी असते. इथं सरळ खोका. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसं तळाशी उरलेलं डिझेल चढावर मागं, वळणावर बाजूला. उचल-नळी पुढच्या कोपऱ्यात. करूळच्या चढावर नाक वर आणि एकामागून एक वळणं. नळी उघडी पडली आणि हवा ओढली गेली.

गाडी अडखळली तेव्हा अण्णांनी पटकन पहिल्या टाकीचा कॉक उघडला, पण घाईत दुसरीचा बंद केला नाही. दोन्ही उघडे. आता पंपापुढं दोन वाटा: एकीकडून जड डिझेल, दुसरीकडून हलकी हवा. पंप काय ओढणार? हवाच. पहिली टाकी तुडुंब असूनही गाडी बंद पडली ती यामुळं.

हे पडताळायला आम्ही फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाइप घातला आणि दुसरी टाकी मुद्दाम तळाला आणून गाडी उमा टॉकीजच्या चौकापर्यंत फिरवून आणली. वळणावर दुधासारखा पांढरट फेस पाइपातून सरकताना दिसला. अण्णा बॉनेट उघडं टाकून बराच वेळ त्या पाइपाकडं बघत होते.

टाकी उतरवल्यावर

टाकी खाली घेतली तेव्हा बाकीच्या गोष्टी कळल्या. पत्रा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. गंज नको म्हणून फॅब्रिकेटरनं मुद्दाम तो निवडला होता, आणि पाण्याच्या टाकीला तो योग्यच. डिझेलला नाही. डिझेलमधले किंचित आम्ल घटक आणि तळाला साचणारं पाणी यांच्या संगतीत जस्त विरघळतं आणि त्याचा साबणासारखा चिकट थर तयार होतो. तो आधी फिल्टर धरतो, आणि जे फिल्टरमधून निसटतं ते इंजेक्टरच्या टोकाला जाऊन बसतं. नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. किती जस्त पुरतं म्हणाल तर, इंजेक्टरवर थर कसा साठतो हे तपासण्याची युरोपात एक प्रमाणित चाचणी आहे. तिच्यात थर लवकर बसावा म्हणून डिझेलमध्ये जस्त मुद्दाम मिसळतात, तेही दशलक्षात एक भाग. इथं तर अख्खी टाकीच जस्तानं मढवलेली. पितळेच्या कॉकमधलं तांबं डिझेल लवकर खराब करतं, हा त्यावर कळस.

फिल्टर कापून बघितला. घड्यांमध्ये करड्या रंगाचा, बोटाला साबणासारखा लागणारा लगदा. नेहमीचा फिल्टर काळपट तपकिरी होतो. हा रंग वेगळा ओळखू येतो.

पाइप फवारणीच्या पंपाला वापरतात तसा. वाकलेल्या जागी तो मऊ पडून फुगला होता आणि सायलेन्सरपासून चार बोटांवरून गेलेला होता. डिझेल पेट्रोलसारखं ठिणगीला भडकत नाही हे खरं. आपल्याकडच्या मानकात त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो) किमान ३५ अंश धरलेला आहे, म्हणून पेट्रोलियमच्या वर्गवारीतही ते पेट्रोलच्या खालच्या, ब वर्गात येतं. पण "डिझेल पेट घेत नाही" असं जे सर्रास बोललं जातं ते गरम सायलेन्सरवर ठिबकणाऱ्या डिझेलला लागू पडत नाही. शिवाय ही जागा बंपरच्या लगेच आत. मागून ठोकर बसली तर पहिला मार टाकीला. कंपनी आपली टाकी मागच्या आसाच्या पुढं, चाकांच्या मधे बसवते, ती उगीच नव्हे.

वजनाचंही सांगतो, थोडक्यात. डिझेल लिटरला ८३० ग्रॅमच्या आसपास. ४५ लिटरचे ३७ किलो, टाकी आणि पट्ट्या मिळून पन्नासच्या आसपास, तेही सगळं मागच्या आसाच्या मागं. त्यात टपावर स्टेपनी. गाडी डुलते असं वहिनी म्हणत होत्या, आणि अण्णा त्यांना "तुझा भास" म्हणत होते.

नीट करून द्या की

अण्णांचं म्हणणं रास्त होतं. "चूक कळली ना? मग नीट करून द्या की. पैसे काय असतील ते घ्या."

तांत्रिकदृष्ट्या नीट करता येतं, त्यात गूढ काही नाही. दोन रस्ते आहेत. पहिल्यात फीड आणि रिटर्न दोन्ही एकदम फिरवणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लावायचा. ज्या टाकीतून उचल, त्याच टाकीत परत. दोन टाक्यांच्या गाड्यांत हीच पद्धत. दुसरा रस्ता मला जास्त पसंत: इंजिनाच्या लाइनीला अजिबात हात लावायचा नाही. दुसरी टाकी नुसती साठवण. मूळ टाकी अर्ध्यावर आली की बारा व्होल्टचा छोटा पंप दुसरीतलं डिझेल पहिलीत ढकलतो. इंजिनाला वाटतं आपली एकच टाकी आहे. दुसरी कोरडी झाली तरी हवा इंजिनापर्यंत पोचत नाही, रिटर्नचा घोळ नाही. मात्र त्यातही पंप बंद असताना डिझेल आपोआप ओघळून मूळ टाकी भरून सांडू नये यासाठी वन-वे आणि सायफन तोडणारा व्हॉल्व्ह लागतो, मूळ टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट लागतो, स्वतःचा फ्यूज लागतो, आणि गाडी उलटली तरी न गळणारा ब्रीदर लागतो. टाकी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची, आत पडदे, वर फुगायला जागा. उन्हात वीस अंशांनी तापलं तर ४५ लिटर डिझेल पाऊण लिटरच्या जवळपास फुगतं, म्हणून काठोकाठ भरायची नाही.

शेतातल्या किंवा कारखान्यातल्या जनरेटरला असं कुणी मागितलं तर मी आनंदानं करून देईन. रस्त्यावरच्या, नंबर प्लेट असलेल्या खासगी गाडीला नाही, आणि याचं कारण इंजिन नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवर जे तपशील आहेत ते उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए नव्यानं लिहिलं गेलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी किटला मंजूर किट, अधिकृत फिटिंग सेंटर, आरसीवर नोंद आणि विम्यात वेगळा उल्लेख असा बांधीव रस्ता आहे. गॅरेजमध्ये बनवलेल्या डिझेल टाकीला तसा रस्ता नाही. दंडाचं अण्णांना फारसं काही वाटलं नाही, हे कबूल. पाच हजार त्यांना मोठे नाहीत. मी म्हटलं, "अण्णा, दंड सोडा. मागून कुणी ठोकली, गाडी पेटली आणि सर्व्हेअरला खाली न दाखवलेली टाकी सापडली, तर क्लेमचं काय?" विमा कंपनीला न सांगितलेला बदल म्हणजे क्लेम नाकारायला आयतं निमित्त.

यावर ते गप्प झाले, पण पटलं असं नाही. पटलं ते पुढच्या हिशेबानं.

खरी गरज किती होती

आधी कर्नाटकाचा हिशेब. लिटरमागं पाच रुपयांचा फरक धरू; तो कमीजास्त होत राहतो. ४५ लिटरला सव्वादोनशे रुपये. खास तेवढ्यासाठी कोल्हापूरहून सीमेपलीकडं जाऊन यायचं तर पन्नाससाठ किलोमीटरचं डिझेल जळतं, म्हणजे चारेकशे रुपये. तोटाच. अण्णा तिकडं जातातच, हे खरं. मग टाकी नीट करून घ्यायला अठरा हजार लागले असं धरलं तर ऐंशी वेळा भरल्यावर ते वसूल होणार. आठवड्याला एकदा म्हणजे दीड वर्ष, तेही दोन राज्यांतला फरक तोवर टिकला तर. आणि आत्तापर्यंत रस्त्यावर सांडलेलं डिझेल कुठल्या खात्यात धरायचं, हे मी विचारलं नाही.

लडाखचा हिशेब जास्त महत्त्वाचा होता. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" अशी प्रसिद्ध पाटी आहे, आणि ती बघूनच पुष्कळजण घाबरतात. पण ५५ लिटरच्या टाकीला ३६५ किलोमीटर काहीच नाही. घाटात दहाचं ॲव्हरेज धरलं तरी साडेछत्तीस लिटर. अडचण पुढच्या फेऱ्यात होती. लेहच्या पलीकडं नुब्रा खोऱ्यात डिस्कितला पंप आहे. तिथून श्योकमार्गे पँगाँग साधारण १६०, तिथून चुशूलमार्गे हानले १७०, हानले ते उमलिंग ला जाऊन येऊन १७०, आणि हानले ते लेह २६०. एकूण साडेसातशेच्या वर, ७६० धरा. मधे पंप नाही असंच समजून चालायचं. असला तरी तो उघडा असेल आणि त्यात डिझेल असेल याची खात्री कोण देणार? उमलिंग लाची उंची १९,०२४ फूट, सगळा रस्ता खालच्या गिअरचा. दहाच्या ॲव्हरेजनं ७६ लिटर लागतील. मूळ टाकीतलं भरवशाचं डिझेल ५० लिटर. तूट २६ लिटर.

सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी सव्वीस लिटर होते, आणि तेही एका फेऱ्यापुरते. वीस-वीस लिटरचे दोन पोलादी कॅन नेले की चाळीस होतात. वर चौदा लिटर हाताशी उरतात, म्हणजे रस्ता चुकला किंवा बंद मिळाला तर आणखी १४० किलोमीटर. अण्णांनी कागद स्वतःकडं ओढून बेरीज पुन्हा केली. मशीनशॉपवाला माणूस, दुसऱ्याच्या मोजमापावर विश्वास ठेवत नाही.

कॅनबद्दल दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगितल्या. कॅन कोल्हापुरातून भरून न्यायचे नाहीत, लेह किंवा डिस्कितला भरायचे. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान) हिवाळ्यासाठी कमाल ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश आहे. हानलेत सप्टेंबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो, तिथं आपल्या डिझेलमध्ये मेण धरून फिल्टर बसायला वेळ लागणार नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी. दुसरं, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास; पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब इथल्या निम्म्याच्या जरा वर उरतो. घट्ट बंद केलेला कॅन वर गेल्यावर फुगतो. म्हणून वर थोडी जागा ठेवायची आणि झाकण उघडताना तोंड लांब धरून हळू सैल करायचं. कॅन गाडीच्या आत नाही, बाहेर कॅरिअरला पट्ट्यानं आवळून. सुट्या कॅनमध्ये डिझेल द्यायचं की नाही हे पंपवाल्यावर आणि त्या वेळच्या प्रशासनाच्या आदेशावर असतं, तेव्हा आधी विचारून घ्यायचं.

काय केलं

टाकी काढली. टी, कॉक, पाइप सगळं काढून कंपनीची फीड लाइन पुन्हा अखंड केली. जोड शिल्लक ठेवला नाही, कारण ओढीच्या लाइनीत प्रत्येक जोड म्हणजे हवेला दार. मूळ टाकी उतरवून आतून धुतली. रिटर्नमुळं दुसऱ्या टाकीतलं जस्ताळलेलं डिझेल तिच्यात गेलंच होतं. फिल्टर नवा. चारही इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर लावले. तिघांची फवारणी स्वच्छ होती, चौथ्याचा बॅक-लीक (परत गळणारं डिझेल) जरा जास्त, पण मर्यादेत. सफाई करून तोच परत बसवला. पंपात चुरा झालाय का हे बघायला रेलच्या आधीच्या जोडातून डिझेल पांढऱ्या फडक्यावर गाळलं. चमक दिसली नाही. अण्णांचं नशीब, घाटात त्यांनी स्टार्टर फार वेळ मारला नव्हता. स्टेपनी खाली तिच्या जागी गेली. वहिनींनी गाडी डुलत नसल्याचं लगेच ओळखलं.

उतरवलेली टाकी अण्णांनी शेतावर, ऑइल इंजिनाशेजारी ठेवायचं म्हटलं. मी म्हटलं, पाण्यासाठी वापरा, डिझेलसाठी तिथंही नको. जुनं इंजिन घाण पचवतं हे खरं, पण नोझल त्यालाही असतंच.

नवा फिल्टर काही आठवडे चालवून पुन्हा काढून बघितला. करडा लगदा नव्हता, नेहमीचा तपकिरी रंग आला होता. चौथ्या इंजेक्टरचा सकाळच्या थंड इंजिनावर किंचित ठोका येतो, तो अजून आहे. लडाखला निघण्याआधी तो एकदा बेंचवर घ्यायचा आणि बॅक-लीक वाढला असेल तर बदलायचा, असं ठरलं आहे. अण्णांनी दोन कॅन आणि तोटीचं नरसाळं घेऊन ठेवलंय.